दोन वॅटचा श्वास

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकदम गेली. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांनी जनरेटर सुरू केले, करोनामुळे घरून चाललेली कामं आणि ऑनलाइन शाळा बंद पडल्या. बहुतेक भागांत दोन-तीन तासांत वीज परत येऊ लागली. काही उपनगरांत मात्र संध्याकाळ उलटली. त्या दिवशीच्या बातम्यांत एक गोष्ट आली नाही, कारण ती घरोघरच्या दिवाणखान्यांत, कुणाच्या फारशी लक्षात न येता घडत होती. काचेच्या टाक्यांमधले पंप बंद पडले होते आणि पाणी थांबलं होतं.

उरलेल्या महाराष्ट्राला हे नवीन नव्हतं. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावी आणि तालुक्यांच्या ठिकाणी दिवसाची कामं विजेच्या वेळापत्रकावर बेतली जात. दळण, पाणी भरणं, मुलांचा अभ्यास, सगळं लाईट असेल तेव्हा. ज्यांना मासे पाळायची हौस होती त्यांनीही त्याच काळात आपापल्या युक्त्या शोधल्या. स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा पंप मी पहिल्यांदा ऐकला तो अशाच घरांमधून. मुंबईत मात्र वीज जाणं ही बातमी असते. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. ते पाहून टाकी ठेवण्याची हौस लागलेल्या या शहरात वीज गेल्यावर त्या टाकीचं काय करायचं, याची तयारी म्हणूनच सर्वांत कमी आढळते.

मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात एक प्रश्न हमखास येतो: लाईट गेली तर मासे किती वेळ तग धरतात? उत्तरं दोन तासांपासून दोन दिवसांपर्यंत काहीही मिळतात. गंमत म्हणून कुणी वाटेल ते सांगत नसतं. ही सगळी उत्तरं कुठल्या ना कुठल्या टाकीपुरती खरी असतात. आपली टाकी त्यातली कोणती, हे ओळखता आलं पाहिजे.

त्यासाठी पाण्यात हवा कशी शिरते ते आधी पाहायला हवं. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २७५ मिलीग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त ८.३ मिलीग्रॅम मावतो. ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला सातच्याही किंचित खाली. म्हणजे मासा आपल्यापेक्षा तीसपट गरीब वातावरणात जगत असतो आणि उन्हाळा वाढेल तशी ती गरिबी वाढत जाते. त्यातच पाणी तापलं की माशाच्या शरीराचा वेग वाढतो, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. मागणी वाढते नेमक्या त्याच वेळी पुरवठा घटतो. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे घरातल्या टाकीचं पाणी तेहतीस-चौतीस अंशांवर जातं, तेव्हा ही कात्री दोन्ही बाजूंनी कापते.

हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. बुडबुड्यांनी पाण्यात ऑक्सिजन भरला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. बुडबुडा तळापासून वर यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात त्यातून फार थोडा ऑक्सिजन पाण्यात उतरतो. त्याचं मोठं काम दुसरंच असतं. वर येताना तो तळाचं पाणी सोबत खेचून आणतो आणि पृष्ठभाग फोडतो. हवा खाल्लेलं पाणी खाली जातं, शिळं पाणी वर येतं. हे ढवळणं थांबलं तर ऑक्सिजनला आपल्या पायांनी खाली उतरावं लागतं. पाण्यातून त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी संथ असतो. म्हणून स्थिर टाकीत वरच्या थरात थोडा श्वास उरतो, तळ मात्र रिकामा होत जातो. मासे तोंड वर काढून पृष्ठभागाला चिकटतात ते याचमुळे. भूक लागली म्हणून वर आले असं समजून त्या क्षणी खाणं टाकणारी माणसं आहेत. त्याइतकं वाईट दुसरं काही करता येणार नाही.

आता एक हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही आपल्याकडची सगळ्यांत खपणारी टाकी. खडी-दगड वजा जाता तिच्यात साधारण पन्नास लिटर पाणी राहतं. ३० अंशाला पाणी पूर्ण हवेशीर असेल तर सगळ्या टाकीत मिळून ३७५ मिलीग्रॅम ऑक्सिजन. लिटरला तीन मिलीग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक माशांचे हाल सुरू होतात, म्हणजे खर्चायला हातात राहिले सव्वादोनशे. टाकीतल्या सगळ्या माशांचं वजन शंभर ग्रॅम धरलं आणि या तापमानाला किलोमागे ताशी दोनशे ते तीनशे मिलीग्रॅम हा अंदाज धरला, तर माशांचा खर्च ताशी वीस ते तीस. आठ-दहा तास निघतात. पृष्ठभागातून थोडीफार भर पडतच राहते, तेव्हा विरळ टाकीत रात्र निभावते. पण त्याच टाकीत तीनशे ग्रॅमचे मासे असतील, म्हणजे वाढलेले चार-पाच गोल्डफिश किंवा दोन मध्यम ऑस्कर, तर तीच शिल्लक अडीच-तीन तासांत संपते. तळाशी साचलेला गाळ आणि कुजणारं अन्न आपला वाटा वेगळा घेतात. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन सोडायचं थांबवून तो घ्यायला लागतात. दोन तास की दोन दिवस, हा फरक इथून येतो. उंच आणि अरुंद टाकी दिसायला देखणी असते, पण तिचा पृष्ठभाग लहान. वीज गेल्यावर तीच आधी अडचणीत येते.

सगळे मासे सारखे नसतात, हेही आलंच. दुकानात ज्याला फायटर म्हणतात तो बेट्टा आणि गुरामी यांना कल्ल्यांच्या वर हवा साठवणारा एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो. ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. पंप बंद पडल्याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं. आपल्या बाजारांत पाण्याबाहेर टोपलीतही वळवळत राहणारी मरळ आणि मागूर याच ताकदीचे. गोल्डफिशबद्दल एक आश्चर्य शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. थंड पाण्यात ऑक्सिजन संपला तर तो शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि टिकून राहतो. गोठलेल्या तळ्यांखाली हिवाळे काढणाऱ्या त्याच्या कुळाची ही देणगी. पण ती थंडीची विद्या आहे. पुण्या-नाशकातल्या मे महिन्यात तिच्यावर विसंबता येत नाही. उलट टोकाला आपल्याच सह्याद्रीतला मासा आहे. केरळ-कर्नाटकच्या खळाळत्या ओढ्यांतला लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब, दुकानांत मिस केरळ म्हणून विकला जाणारा. वाहत्या पाण्यात घडलेला हा मासा थांबलेल्या पाण्यात सर्वांत आधी हार मानतो. एकाच टाकीत लहान-मोठे मासे असतील तर सहसा मोठे आधी जातात. वर्षानुवर्षं जपलेला, हातातून खाणं घेणारा फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना पहाटे उताणा सापडतो आणि गप्पी मात्र पोहत असतात. असं पाहिलेल्या घरांत पुढे कित्येक महिने टाकी रिकामी राहते. अशा नुकसानाला इतर लोक नुकसान मानत नाहीत, म्हणून ते बोललंही जात नाही.

माशांखेरीज टाकीत आणखी एक वस्ती असते, ती डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंग्जवर, खडीवर जिवाणू राहतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिलं विष, दुसरंही विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. या कामाला ऑक्सिजन भरपूर लागतो. एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पार नायट्रेटपर्यंत न्यायला सुमारे साडेचार मिलीग्रॅम. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे पंप थांबला तरी त्यावरच्या जिवाणूंना आजूबाजूच्या पाण्यातून थोडं मिळत राहतं. बाहेर बसवलेल्या बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरचं तसं नाही. त्यात अब्जावधी जिवाणू आणि डब्यात अडकलेलं तीन-चार लिटर पाणी. प्रवाह थांबला की तेवढ्यातला ऑक्सिजन ते बघता बघता संपवतात. मग ते मरू लागतात, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू डोकं वर काढतात. सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. पाच-सहा तासांनी वीज आली की फिल्टर आपोआप सुरू होतो आणि डब्यातलं ते पाणी थेट टाकीत येतं. अंधारात तगलेले मासे लाईट आल्यावर दगावतात, त्याचं एक कारण हे. म्हणून कॅनिस्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर लाईट येण्याआधीच त्याचा प्लग काढून ठेवावा, डबा उघडावा, आतलं पाणी टाकून द्यावं, स्पंज आणि रिंग्ज टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्याव्यात आणि मगच तो चालू करावा. नळाच्या पाण्यात धुऊ नयेत. क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारतो.

तरीसुद्धा पहिल्या दिवशी चिंता फिल्टरची नसते. याचा पुरावा माशांच्या व्यापारातच आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांत येणारे शोभेचे मासे मोठ्या प्रमाणावर चेन्नईच्या कोलात्तूर भागातून आणि कोलकात्याहून येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तळाला थोडं पाणी, वर शुद्ध ऑक्सिजन भरलेला, तोंड रबराने घट्ट. रेल्वेने किंवा विमानाने, एक दिवस, कधी दीड दिवस. त्या पिशवीत कुठलाही फिल्टर नसतो. मासे तरी पोहोचतात, कारण दोन गोष्टी सांभाळलेल्या असतात: ऑक्सिजन पुरेसा असतो आणि पाठवण्याआधी एक दिवस माशांना खाणं बंद केलेलं असतं. पोट रिकामं असलं की मासा श्वास कमी घेतो, घाण कमी करतो. घरात वीज गेल्यावर करायच्या गोष्टींचं सगळं शहाणपण या पिशवीत आहे. पाणी हलतं ठेवा आणि खायला घालू नका. निरोगी मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो.

पाणी हलतं ठेवायला वीज लागते किती? टाकीभोवतीच्या यंत्रांची भूक पाहिली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. थंडीतला हीटर शंभर ते दोनशे वॅट खातो. दिवे दहा ते चाळीस. कॅनिस्टर पंधरा ते तीस. आणि ज्यावर माशांचा जीव अवलंबून असतो तो छोटा एअर पंप, दोन ते पाच वॅट. रात्रीच्या दिव्याएवढा. दिवा बंद राहिला तर मासे उलट शांत राहतात. हीटरची गरज आपल्या हवेत क्वचित पडते, आणि पन्नास लिटर पाणी काही तासांत धोक्याइतकं गार होत नाही. वीज गेल्यावर वाचवायची ती फक्त हवा. ही गोष्ट एकदा मनाशी पक्की झाली की पुढचं सगळं सोपं होतं, आणि स्वस्तही.

पुष्कळ घरांत आता इन्व्हर्टर असतो. त्याला टाकी जोडली की आपण निर्धास्त, असं वाटतं. तिथे जरा थांबून पाहावं. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातले ऐंशी टक्के वापरले तर १४४० हाती येतात. पाच वॅटचा एकटा पंप यावर बारा दिवस चालायला हवा. पण इन्व्हर्टर स्वतःच वीस वॅटच्या आसपास खात असेल तर तोच हिशेब अडीच दिवसांच्या आत येतो. त्यापेक्षा मोठी अडचण माणसांची असते. त्याच बॅटरीवर तीन पंखे, चार दिवे, वाय-फाय आणि टीव्ही असतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा. सगळं मिळून तीनशे वॅट झाले की पावणेपाच तासांत बॅटरी तळाला जाते. रात्री साडेदहाला लाईट गेली तर पहाटे तीन-सव्वातीनला इन्व्हर्टर टिटिट करून बंद पडतो. घरातली माणसं घामाने कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात. वनस्पती असलेल्या टाकीत ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याआधी. नेमका तेव्हाच पंप थांबतो. एकटा दोन दिवस सहज चालू शकला असता असा दोन-पाच वॅटचा जीव तीनशे वॅटच्या सोबतीमुळे गेलेला असतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की टाकीची बॅटरी वेगळी असावी, कितीही लहान असली तरी. घरातल्या कुणालाही ती दुसऱ्या कामाला वापरता येऊ नये.

त्याचे मार्ग दुकानांत आता भरपूर आहेत. सर्वांत सोपा म्हणजे ज्याला चार्जिंगचा पंप म्हणतात तो. आत बॅटरी असते, एरवी प्लगला लावलेला असतो, लाईट गेली की आपोआप सुरू होतो. आपोआप सुरू होणारा आणि बटण दाबावं लागणारा, असे दोन प्रकार मिळतात. घेताना हे विचारून घ्यावं, कारण वीज बहुधा आपण ऑफिसात असताना किंवा झोपेत असताना जाते. दुसरा मार्ग यूएसबीवर चालणारा एक-दीड वॅटचा पंप आणि मोबाइलची पॉवर बँक. दहा हजार मिलीअँपिअर-अवर लिहिलेल्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात. आतल्या घटीनंतर पंचवीस-तीस हाती लागतात. दीड वॅटचा पंप त्यावर रात्रभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत चालतो. एक खाच आहे: काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर मोबाइल चार्ज झाला असं समजून स्वतःला बंद करतात. आपली तसं करते का, ते संकटाच्या रात्री कळून उपयोग नाही. घेतल्यावर पाच-सहा तास चालवून पाहावं. तिसरा मार्ग हौशी माणसांचा. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी आणि बारा व्होल्टवर थेट चालणारा तीन वॅटचा पंप. बॅटरी निम्मीच वापरली तरी बारा-चौदा तास मिळतात. बॅटरीला लागून तारेत फ्यूज हवाच. वाय-फायसाठी मिळणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएसही याच कामाला येतो, मात्र पंपाचा व्होल्टेज आणि पिनचा आकार जुळायला हवा.

या तिन्हींत एक समान शहाणपण आहे. बॅटरीतली वीज थेट पंपाला जाते, तिचं आधी २३० व्होल्ट करून मग वापरण्याचा उफराटा प्रवास वाचतो. इन्व्हर्टरच वापरायचा असेल तर तो साइन वेव्हचा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टाकीचे पंप घूं घूं करतात, तापतात आणि लवकर खराब होतात.

आणखी एक लहानशी वस्तू. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे खालच्या कपाटात ठेवलेला असेल तर तो थांबताच पाणी नळीतून उलटं वाहू शकतं. पंपात पाणी शिरतं, तिथून खालच्या एक्स्टेन्शन बोर्डवर. नळीत बसवायचा प्लॅस्टिकचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अगदी किरकोळ किमतीत मिळतो. तो बसवावा, किंवा पंप टाकीपेक्षा उंच टांगावा. आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन मग वर गेलेली असावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब सॉकेटऐवजी जमिनीवर पडतो.

जवळ काहीच नसेल तर? तेव्हा हात आहेत. एक मग घ्यावा, त्यात टाकीतलंच पाणी भरावं आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावं. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिनिटं. हास्यास्पद वाटतं, पण पृष्ठभाग फोडण्याचं जे काम पंप करतो तेच हा मग करतो. पाण्याची पातळी दोन-चार इंच कमी केली तर ओतणं जास्त खोल जातं, मात्र त्याने साठाही घटतो, हे भान ठेवावं. झाकणाची काच सरकवावी आणि उड्या मारणारे मासे असतील तर वर जाळी टाकावी. उन्हाळ्यात फ्रीझरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यात तरंगत सोडाव्यात, तासाला अंश-दीड अंशाहून जास्त उतार होऊ न देता. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलेल्या टाक्यांमध्ये विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तर वीज जाताच तो आपोआप बंद होतो. हातानं उघडलेला व्हॉल्व्ह असेल तर पहिलं काम तो बंद करणं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची एक अडचण वेगळी. लाईट गेली की सोसायटीचा पंप थांबतो, वरच्या टाकीतलं पाणी काही तासांत संपतं. माशांचं पाणी बदलावं म्हटलं तर नळाला पाणी नसतं. क्लोरीन उडून गेलेलं, शिळं पाणी एका ड्रममध्ये नेहमी भरलेलं ठेवावं. क्लोरीन मारण्यासाठी दुकानात मिळणारे हायपोचे खडेही घरात असावेत.

हे सगळं काही तासांच्या खेळाचं झालं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी पॉवर बँक कशावर चार्ज करायची, हाच प्रश्न. गाडी असेल तर तिच्या चार्जिंग सॉकेटवर. सौर पॅनेलचा विचार करणाऱ्यांनी आकडे आधी मांडावेत: तीन वॅटच्या पंपाला दिवसाला ७२ वॅट-तास लागतात, वीस वॅटचा पॅनेल लख्ख उन्हात ऐंशीच्या आसपास देतो, पण जूनच्या ढगाळ दिवशी त्याच्या पाव हिश्शावर येतो. वादळं येतात ती ढग घेऊनच. म्हणून पॅनेल गरजेच्या दुप्पट-तिप्पट मोठा हवा. इतक्या दिवसांत अमोनियाही साठतो. उपाशी मासे आणि दोन दिवसांआड पाव पाणी बदलणं, एवढंच हाती राहतं. हेही जमत नसेल तर मासे वीज असलेल्या ओळखीच्या घरी किंवा दुकानात न्यावेत. नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. टाकीतली शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा असाच बाहेर पडून आपल्या पाण्यात पसरला आहे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना छळतो आहे.

मोठमोठ्या संस्थांवरही ही वेळ आलेली आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयात जनरेटर बंद पडला आणि सुमारे दहा हजारांपैकी बहुतेक मासे मेले. वादळाने इमारत फारशी मोडली नव्हती, श्वास तुटला होता. जपानमधल्या इवाकीचं ॲक्वामरीन फुकुशिमा ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर विजेविना राहिलं. पर्यायी वीजही टिकली नाही आणि सुमारे दोन लाख जलचर गेले. त्याच वर्षी १५ जुलैला ते पुन्हा उघडलं. जनरेटर असणं आणि त्याला इंधन मिळत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या पातळीवर तेच चार्जिंगच्या पंपाबद्दल. तो कपाटात असतो, पण सहा महिने चार्जच केलेला नसतो.

समुद्री टाक्यांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्या फार थोड्या घरांत असतात. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्याहून जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी मावतो, आणि प्रवाळांना प्रवाह लागतो. तिथे नुसता एअर पंप पुरत नाही. बॅटरी जोडता येणारा डीसी वेव्हमेकर हवाच. चिलर बंद पडल्यावर मुंबईच्या मे महिन्यात काय होतं, हे प्रवाळ पाळणाऱ्याला सांगायची गरज नाही.

लाईट परत आल्याचा आनंद होतो तेव्हा पाच मिनिटं धीर धरावा. पहिल्या क्षणांत व्होल्टेज खालीवर होतं. प्लग काढून ठेवले असतील तर ते एकेक करून लावावेत. फिल्टरमधली चुंबकावर फिरणारी पाती कधी कधी अडकून बसते, पंप नुसता गुणगुणतो आणि पाणी ओढत नाही. हात लावून प्रवाह पाहावा. पातळी कमी झाली असेल तर हीटर उघडा पडलेला असतो, तसाच चालू झाला तर काच तडकते. आणि एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. पाणी थांबलेलं असताना त्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी थोडं आम्लधर्मी होतं, आणि आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. हवा जोरात सुरू झाली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. प्रवासाच्या पिशव्या उघडतानाही नेमकं हेच घडतं. म्हणून लाईट आल्यावर अमोनियाची चाचणी करावी, पंचवीस-तीस टक्के पाणी बदलावं आणि त्या दिवशी खाणं घालूच नये. दोन-तीन दिवस चाचणी चालू ठेवावी, कारण मेलेल्या जिवाणूंची जागा भरून यायला वेळ लागतो.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास असो की कुर्ल्याच्या बाजारात, नवी टाकी घेणाऱ्याच्या पिशवीत काय काय जातं ते पाहावं. रंगीत खडी, प्लॅस्टिकची झाडं, तोंड उघडझाप करणारा खजिन्याचा पेटारा, दोन प्रकारचं खाणं. बॅटरीचा पंप मात्र विचारल्याशिवाय कुणी पुढे करत नाही आणि विचारतं कुणीच नाही. मला वाटतं, हा पंप टाकीबरोबरच विकला जावा, जसं गाडीबरोबर हेल्मेट. दुकानदाराचा त्यात तोटा नाही. ज्याचे मासे जगले तो गिऱ्हाईक म्हणून परत येतो, ज्याचे एका रात्रीत मेले तो पुन्हा पायरी चढत नाही.

पुण्यात देखभालीच्या कामासाठी महावितरण बहुधा गुरुवारी वेगवेगळ्या भागांतली वीज काही तास बंद ठेवतं, आणि त्याची सूचना आधी येते. मासे पाळणाऱ्या पुणेकराला ही फुकटची रंगीत तालीम आहे. आदल्या रात्री पंप चार्ज करावा, सकाळी घड्याळ लावून बसावं आणि तो खरोखर किती तास चालतो, हवेच्या नळीच्या टोकाला लावलेल्या दगडातून बुडबुडे किती जोमाने येतात, टाकीत कुठला मासा आधी वर येतो, हे वहीत लिहून ठेवावं. ज्यांच्या भागात अशी सूचना येत नाही त्यांनी महिन्यातल्या एखाद्या रविवारी स्वतःच प्लग काढावा. आणि त्या वहीतला आकडा, समजा सात तास, टाकीच्या कोपऱ्याला चिठ्ठीवर चिकटवावा. घरात तुम्ही नसताना लाईट गेली तर शेजारच्या काकूंना फोनवर एवढंच सांगावं लागेल: चिठ्ठी पाहा, इतक्या तासांनी मग घेऊन पाणी ओतायला लागा.